मागच्या एक्सलची साक्ष

कसबा पेठ, तांबट आळीजवळ
१२ नोव्हेंबर २०२४

दत्तोबा यांस नमस्कार.

जीप चेतन ड्रायव्हरबरोबर परत पाठवली आहे. आपली पद्धत मोडायची नाही म्हणून हे पत्र डॅशबोर्डच्या खणात ठेवतो. तेवीस वर्षं तुम्ही तक्रार लिहून गाडी पाठवता आणि मी उत्तर लिहून परत करतो. माझी मुलगी उत्कर्षा आता गॅरेजात माझ्याबरोबर असते. ती हसते, म्हणते, बाबा, फोन करा ना. तिला सांगितलं, फोनवर माणूस ऐकल्यासारखं करतो. कागद समोर असला की वाचावंच लागतं.

तर वाचा. मागच्या एक्सलमधून निघालेलं तेल दूध घातलेल्या चहासारखं होतं. म्हणजे आत पाणी गेलं आहे. तुमच्या पृथ्वीराजने जीप नदीत घातली होती, हे तुमच्या पत्रात नव्हतं. एक्सल पळून तापतो, आतली हवा फुगते. तिला बाहेर जायला एक्सलच्या डोक्यावर बोटभर नळी असते, ब्रीदर. एक्सलचं नाक म्हणा. तापलेला एक्सल एकदम गार पाण्यात गेला की हवा आकसते आणि ते नाक पाणी ओढून घेतं. त्याला लांब रबरी नळी जोडून तोंड वर सीटमागे न्यायला हवं. मापाची नळी मिळाली नाही, पुढच्या खेपेला बसवतो. तोवर गाडी पाण्यात नको.

आणि उलटी चूकही करू नका. पुष्कळ हौशी लोक पाणी जाऊ नये म्हणून ब्रीदरच बुजवतात. मग फुगलेली हवा तेलाला ढकलते, तेल सीलमधून चाकात उतरतं आणि ब्रेकच्या लायनरवर पसरतं. तेल लागलेला लायनर धरत नाही. ब्रेक दाबणारा दाबतच राहतो.

नवं तेल भरलं आहे. उरलेलं लिटरभर डब्यात दिलं आहे. दर महिन्याला पातळी बघता तशी बघत राहा.

आता दुसऱ्या गोष्टीचं. शंभू माझ्या गावचा, वाशिमकडचा. त्याला पुण्यात मी आणला, कारखान्यात मी चिकटवला, आणि मांजरीत तुमच्याकडून अर्धा गुंठा घे, असंही मीच सांगितलं. तुमच्या शब्दावर. विकताना नकाशात बारा फुटांचा रस्ता होता. पृथ्वीराजने त्यात चर खणला. चाळीस घरांच्या बायका पाण्याचे हंडे घेऊन तो चर उतरतात आणि चढतात. दत्तोबा, ज्याने जमीन विकली त्याने तिच्यापर्यंत जायची वाटही विकली. ती परत हिसकावून घेणं ही चोरी आहे, आणि चोर तुमच्या घरात जेवतो आहे. तुम्ही बाप आहात. थांबवा त्याला.

आपला,
बद्रीनाथ मिस्त्री

*

मांजरी
२० नोव्हेंबर २०२४

बद्रीनाथ मिस्त्री यांस रामराम.

पत्र वाचलं. नाकाचं समजलं. सोजरला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “मिस्त्री जीपचं नाक नीट करतो का आपलं कापतो?” बायको जुनी हाय, तिच्याशी वाद घालत नाही.

नदीत गाडी मी घातली नव्हती, म्हणून लिहिलं नाही. पृथ्वीराज मित्रांबरोबर गेला होता. त्यांचा क्लब आहे म्हणे, दर रविवारी चिखलात गाड्या फसवतात आणि मग बाहेर काढतात. आमच्या बापजाद्यांनी हेच बैलांबरोबर केलं, तेव्हा कुणी फोटो काढले नाहीत.

रस्त्याचं म्हणाल तर मला पटतं, पण माझं चालत नाही. बिल्डरला सलग जमीन पाहिजे, मधून वाट नको. पोरगा म्हणतो, “आबा, तुम्ही ऊस लावला, मला टॉवर लावू द्या.” सातबाऱ्यावर माझं नाव आहे, आणि घरात आवाज त्याचा आहे.

तुमच्या शंभूला मात्र समजवा. रात्रपाळी करून पहाटे येतो, सायकल टेकवतो, फावडं घेतो आणि एकटाच चर बुजवत बसतो. अर्धा बुजला की झोपायला जातो. दुपारी पृथ्वीराज मशीन लावून परत खणतो. आठ दिवस हेच चाललंय. परवा मी बांधावरून विचारलं, “शंभू, दमत नाहीस का रं?” तर म्हणाला, “दमतो मामा. पण तुमच्या पोराचं डिझेल जातं, माझा नुसता घाम.”

मला हसू आलं. पृथ्वीराजला कळलं तेव्हा त्याला आलं नाही. त्याने जेवणाचं ताट भिंतीवर मारलं. म्हणून म्हणतो, शंभूला आवरा.

दत्तोबा

*

कसबा पेठ
६ डिसेंबर २०२४

दत्तोबा,

अक्षर उत्कर्षाचं आहे. मी सांगतो, ती लिहिते.

शंभूला मंगळवारी सकाळी पावणेसातला तुमच्या जीपने चिरडलं. मी त्याला शवागारात पाहिलं. कारखान्याचा निळा गणवेश अंगात तसाच होता, छातीच्या जागी खड्डा होता आणि एका हाताच्या मुठीत माती होती. त्याची आई गोदाबाई ती मूठ उघडू देत नव्हती.

तुमचा निरोप चेतनने आणला. पृथ्वीराज गाडी कालव्याच्या उतारावरून आणत होता, ब्रेक लागले नाहीत. काल पोलीसही हेच म्हणाले. मागची चाकं उघडली, दोन्ही लायनर तेलाने भिजलेले, ब्रीदर बंद. पुढचे ब्रेक ठीक होते, पण उतारावर तेवढ्याने भागलं नसेल, असं तपासनीस म्हणाला. गाडी शेवटची कुणाच्या हाताखाली होती, असं मला विचारलं. मी म्हणालो, माझ्या.

तीन आठवड्यांपूर्वी मी ब्रीदर साफ करून तोंडाने फुंकून पाहिला होता. हवा जात होती. का नव्हती? आता मला आठवत नाही. मी तुम्हाला भाषण लिहिण्यात गुंग होतो. दुसऱ्यांना वाट मोकळी करायला सांगणाऱ्या माझ्या हातून बोटभर नळी बंद राहिली असेल, तर मीच मारला त्याला.

शंभूचा भाऊ संजय काल दुपारी गॅरेजात आला. बरोबर चौघे होते. त्याने माझा उजवा हात ऐरणीवर ठेवला आणि माझ्याच हातोड्याने बोटं ठेचली. एकेक. चौथ्याला त्याला स्वतःलाच ओकारी आली. मला कुणी धरलं होतं, असं उत्कर्षा सांगते. ते खरं नाही. मी हात काढून घेतला नाही.

पोलिसांनी जबाबाचा कागद तयार केला आहे. सही करणार आहे. डाव्या हाताची चालेल म्हणाले.

बद्रीनाथ

*

मांजरी
९ डिसेंबर २०२४

बद्रीनाथ,

तुमच्या हाताचं वाचून जेवण गेलं नाही. त्या संजयला मी सोडणार नाही.

पण जिवाला असं खाऊ नका. यंत्र आहे, चूक होते. तुम्ही मुद्दाम केलं नाही हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या वकिलाशी बोललो. जबाब देऊन टाका. हयगयीचा गुन्हा लागतो, जामीन लगेच होतो, पुढे वर्षानुवर्षं तारखा. वकील माझा, धावपळ माझी. गोदाबाईंना मी राहायला घर बांधून देणार आहे.

त्या वेळी मी गोठ्यात होतो. काही पाहिलं नाही. ओरडा ऐकून धावलो. पृथ्वीराज स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडत होता. नऊ वाजता पोलीस आले आणि त्यांच्या सांगण्यावरून चेतनने गाडी पहिल्या गियरात हळूहळू चौकीवर नेली. एवढंच मला माहीत आहे.

एक ऐका माझं. गाडी बघायला जाऊ नका. पोलीस बोलावतील, ओळख पटवा म्हणतील. तब्येतीचं कारण सांगा. तिच्याखाली अजून नको ते चिकटलेलं आहे. तुम्हाला सोसणार नाही.

दत्तोबा

*

कसबा पेठ
१९ डिसेंबर २०२४

दत्तोबा,

मी गेलो. तुम्ही जाऊ नका म्हणालात, म्हणून नव्हे. सही करण्याआधी माझी चूक डोळ्यांनी बघायची होती. ज्या चुकीने माणूस मेला तिचं तोंड न बघता तिच्याखाली नाव लिहिणं मला भेकडपणाचं वाटलं.

चौकीच्या आवारात दोन पंच होते, तपासनीस होता. माझ्या हाताला प्लास्टर, म्हणून उत्कर्षा गाडीखाली शिरली. मी वर उभा राहून सांगत होतो, ती करत होती. आधी चाकं पाहिली. लायनर खरंच भिजलेले. वास गियर ऑइलचा, कुजक्या गंधकासारखा. मी मान खाली घातली. मग तिला म्हणालो, आता एक्सलची पातळी बघ. चाकांत एवढं तेल उतरलं असेल तर एक्सल कोरडा पडला असणार. तिने भरायच्या भोकाचा नट काढला.

तेल तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. एक्सल काठोकाठ भरलेला होता.

ती खालून म्हणाली, “बाबा, आत भरपूर, बाहेर भरपूर. मग गळलं कुठून?”

तपासनीस गुडघ्यावर बसला. मी उत्कर्षाला विचारलं, नटाभोवती धूळ आहे का. ती म्हणाली, नाही, सगळा एक्सल चिखलाने माखलाय, पण नटाभोवती फडक्याने गोल पुसून घेतलंय. दत्तोबा, तेल भरल्यावर नट फडक्याने गोल पुसणारा एकच मालक मी माझ्या आयुष्यात पाहिला आहे. मी त्याचं दुसऱ्या गिऱ्हाइकांना उदाहरण देत आलो.

मग ब्रीदर. त्याच्यावर नळाच्या गळतीला लावतात ते एम-सील थापलेलं होतं. माझी हयगय एम-सील लावत नाही. तपासनीसाने ते चिमट्याने उचकटलं. त्याच्याखाली उसाच्या शेतातला चिखल होता, आणि त्या चिखलात, सीलच्या पोटात, निळा धागा. शंभूच्या गणवेशाचा. नळीला पीळ देऊन अडकलेला. आधी जीप त्याच्या अंगावरून गेली, मग त्याच्या कपड्याच्या चिंधीवर कुणीतरी एम-सील थापलं. पंचांसमोर तो धागा पाकिटात गेला. मी त्या तयार जबाबावर सही केली नाही.

माझ्या पत्रातलं एकही वाक्य तुम्ही वाया घालवलं नाहीत. बुजवलेला ब्रीदर, चाकात उतरलेलं तेल, न लागणारा ब्रेक. मी गाडी वाचवायला लिहिलं, तुम्ही त्यातून खून झाकायची कृती काढलीत. पृथ्वीराजला एक्सलमध्ये तेल कुठून भरतात हेही माहीत नाही. हे काम तुमचं. तो माणूस तिथे थंड होत होता, त्याची आई यायची होती, आणि तुम्ही शेडमध्ये चाक उतरवून लायनरवर तेल ओतत होतात.

दहा दिवस मी स्वतःला खुनी समजलो. संजयने तिसरं बोट फोडलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे तुम्हाला सांगून ठेवतो. फेडल्यासारखं वाटलं होतं. ते समाधानसुद्धा तुम्ही मला खोटं दिलंत.

घर बांधून देणार म्हणे गोदाबाईंना. त्या घराला वाट कुठून देणार?

ज्या देशात रस्ता मागणारा चरात मरतो आणि चर खणणारा बापाच्या फडक्याने पुसला जातो, तिथे गप्प बसणारा प्रत्येक जण त्या फडक्याचा एक धागा आहे. मी नाही बसणार. मी सगळा जबाब दिला आहे, तुमच्या नावासकट. आता तुम्ही द्या. तुम्ही गोठ्यात नव्हतात. तुमच्या गोठ्याचं तोंड पूर्वेला आहे, तो रस्ता पश्चिमेला, तिथून ओरडा ऐकू येत नाही. आणि ओरडा ऐकून धावलेला माणूस चाकं उतरवण्याइतका शांत कसा झाला? तुम्ही पाहिलंत. काय पाहिलंत ते सांगा.

बद्रीनाथ

*

२२ डिसेंबर

बद्रीकाका,

हे लेटर-लेटर बंद करा आता. आबांचं बीपी वाढतं. तुमच्याकडे प्रूफ काय, तर एक धागा. वकील बोलले, असे धागे शर्टाला दहा असतात.

ऐकलं की डाव्या हाताने पाना धरायला शिकताय. चांगलंय. तोही हात जड झाला असेल तर तसं सांगा. आणि उत्कर्षा रोज स्कूटीवरून जाते ना? तिला म्हणावं जपून. रस्त्यात ब्रेक कुणाचेही फेल होऊ शकतात.

पृथ्वीराज

*

मांजरी
२८ जानेवारी २०२५

बद्रीनाथ,

सात आठवडे लिहिलं नाही. लिहायला तोंड नव्हतं.

पृथ्वीराजने तुम्हाला चिठ्ठी पाठवल्याचं चेतनने सांगितलं. पोरीचं नाव घेतलं हे ऐकून मी त्याच दिवशी चौकीत गेलो आणि तेल मी ओतलं, ब्रीदर मी बुजवला, एवढं लिहून दिलं. त्यांनी मला जामिनावर सोडलं, पृथ्वीराजला धरलं. आता तो म्हणतो, ब्रेकचं आबांनी घाबरून केलं. माझं चाक ओल्या मातीत घसरलं, शंभू दिसला नाही. डॉक्टरांच्या कागदावरून एवढंच कळतं की चाक गेलं. कसं गेलं ते कागद सांगत नाही. हयगयच धरली. दहा तारखेला तो जामिनावर सुटला.

घरी आल्या आल्या त्याने जॅकचा दांडा उचलला. माझं गळ्याखालचं हाड मोडलं. पडलो तर पाठीत घातला. सोजर मध्ये पडली ती त्याच्या बाजूने. म्हणाली, “बापानं पोराला धरून दिलं, मग पोरानं काय आरती करावी?” मी तिला दोष देत नाही. तिने एकच जन्माला घातला.

तेलाचं तुम्ही बरोबर ओळखलंत. मी एक्सलमधलं तेल अर्धं काढून तेच लायनरवर ओतलं, म्हणजे आत कमी दिसावं. तेवढी अक्कल होती. मग पोलीस म्हणाले, गाडी चौकीवर न्यायची. पाच-सहा मैल. एवढं लांब कोरड्या एक्सलवर गेली तर दात खाऊन टाकील, असं मनात आलं आणि हात आपोआप तुमच्या डब्याकडे गेला. पोलीस दारात चहा पीत होते आणि मी एक्सल भरून नट पुसत होतो. माणूस मेल्याचं मला काही नव्हतं, गियर खराब होऊ नयेत एवढंच होतं. ह्या गोष्टीने मला झोप येत नाही.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते. मी बांधावर होतो. शंभू अर्ध्या बुजलेल्या चरात उभा राहून माती ओढत होता. जीप उतारावरून आली. शंभूने फावडं वर केलं, थांब म्हणून. जीप थांबली नाही. ती त्याच्यावरून गेली आणि पुढे जाऊन उभी राहिली. ब्रेक लागले, बद्रीनाथ. चांगले लागले, तुम्हीच केलेले. शंभू हातावर उठला. माझ्याकडे बघून “मामा” म्हणाला. मग पृथ्वीराजने गाडी मागे घेतली.

दोनदा गेली. दुसऱ्यांदा मागच्या चाकांनी गेली, सावकाश. मी ओरडलो नाही.

मला कुणाला तरी सांगायचं होतं, म्हणून तुम्हाला सांगितलं. जबाबात हे देणार नाही. दोनदा म्हटलं की खून, आणि खून म्हटलं की माझा पोरगा परत येत नाही. तेवीस वर्षांची शपथ आहे. वाचून हा कागद जाळा.

दत्तोबा

*

कसबा पेठ
१ फेब्रुवारी २०२५

दत्तोबा,

कागद जाळला नाही.

तुमच्या हाडाचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. म्हणून दोन दिवस तो कागद उशाखाली ठेवून बसलो. मग काल संजय आला. गॅरेजच्या पायरीवर बसला. माझ्या बोटांकडे बघवेना त्याला. म्हणाला, “काका, तुम्ही मारा मला.” मी त्याला सांगितलं, मारणार नाही, तुझ्यावर फिर्याद देणार आहे. तो म्हणाला, द्या. काल संध्याकाळी दिली. त्याला मी बरोबर नेलं, त्यानेच रिक्षा थांबवली. हातोडा त्याने उचलला होता, त्याची शिक्षा त्याने घ्यावी. मेलेल्याचा भाऊ म्हणून त्याला एक कायदा आणि जमीनदाराचा मुलगा म्हणून पृथ्वीराजला दुसरा, असं मला चालत नाही. माझ्या मित्राचा मुलगा म्हणून तिसरा तर मुळीच नाही.

शंभूने मरताना तुम्हाला मामा म्हटलं. ते ऐकणारे तुम्ही एकटे. तुम्ही गिळलंत तर तो कुणालाच काही म्हणाला नाही, असं होईल. तुम्ही मुलाला वाचवत नाही आहात, दत्तोबा. ज्याने माणसावर गाडी मागे घेतली आणि बापाचं हाड मोडलं, त्याला तुम्ही तिसऱ्या माणसापर्यंत पोचवत आहात. तिसरं नाव त्याने चिठ्ठीत लिहून दिलं आहे, आणि ते माझ्या मुलीचं आहे.

सोमवारी अकरा वाजता मी तुमचं पत्र पोलिसांना देणार. त्यानंतर तुम्ही लपवणारे ठराल. त्याआधी स्वतःच्या पायांनी गेलात तर सांगणारे ठराल. एवढाच फरक तुम्हाला देऊ शकतो. मैत्री म्हणून याहून जास्त माझ्याजवळ नाही.

बद्रीनाथ

*

३ फेब्रुवारी, सोमवार

बद्रीनाथ,

चौकीच्या बाकावर बसून लिहितोय. साडेनऊ झाले. साहेब दहाला येतात म्हणे. एक हात गळ्यात आहे, अक्षर वाकडं येईल.

सकाळी सोजरने विचारलं, कुठं निघालात. सांगितलं. ती उठली. आत गेली आणि माझी पायताणं घेऊन कुठंतरी ठेवून आली. मी शोधली नाहीत. पृथ्वीराज झोपला होता. त्याच्या खोलीचं दार उघडं होतं, क्षणभर उभा राहिलो. झोपेत अजून तोंड उघडं टाकतो.

येताना त्या रस्त्याने आलो. चर तसाच आहे. मला एका हाताने उतरता येईना. पलीकडून गोदाबाई येत होत्या. त्यांनी ओळखलं मला. बराच वेळ बघत राहिल्या. मग बाजूने निघून गेल्या. बसत बसतच उतरलो, तसाच चढलो. पायाला काचा लागल्यात, जीपच्या फुटलेल्या दिव्याच्याच असतील.

साहेब आले. हवालदार विचारतोय, आजोबा, काय सांगायचंय. त्याला म्हणालो, एकच शब्द राहिला होता, दोनदा.

जातो आत.

दत्तोबा